खालच्या मजल्यावरची सायकल

शनिवार, ४ नोव्हेंबर

पुन्हा दुकान, पुन्हा हात हलवत परत! दुकानदार म्हणतो, "मावशी, हीच घ्या. आवाज नाही, साखळी नाही, सगळं चुंबकावर." बसून पाहिलं — सीट म्हणजे खलबत्त्यातला बत्ता. दुसरी, पाठ टेकून बसायची. छान आरामशीर, पण आमच्या काचा लावलेल्या गॅलरीत मावायची नाही. तिसरी घडीची. आमच्या घरात एकदा घडी झालेली वस्तू पुन्हा उघडत नाही, इस्त्रीचं टेबल साक्षीला आहे.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं — नवऱ्याच्या, नाएफच्या हृदयात जाळी बसवली आहे, आता रोज पाय चालले पाहिजेत, पण चढ नको. अम्मानमध्ये राहून चढ नको! आमच्या टेकडीवर सपाट म्हणावं असं फक्त जेवणाचं टेबल. म्हणून ही घरातली सायकल. मला नाएफला गमवायचं नाही. एवढंच.

रविवार, ५ नोव्हेंबर

नाएफ म्हणे, "आयुष्यभर अकाबा बंदराच्या रस्त्यावर ट्रक हाकला, आणि आता जागच्या जागी पाय मारू? पोचणार कुठे?"

"पंचाहत्तरीला पोच," म्हटलं.

हसला नाही. मी लपवलेली सिगारेट शोधत राहिला.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

काय करून बसले मी!

खालच्या मजल्यावर उम्म गस्सानकडे कॉफीला गेले होते. तिचा नवरा अबू गस्सान अचानक गेला त्याला दोन हिवाळे झाले, आता ती एकटीच असते. बैठकीत अगदी माझ्या खुर्चीसमोर — सायकल! इतक्या वेळा गेले, पण कधी दिसली नव्हती. म्हणे आतल्या खोलीत असते. तोंडातून निघून गेलं, "किती छान आहे हो! आणि सीट तर बघा, गादीच!"

झालं. कुणाच्या घरातल्या वस्तूचं असं कौतुक करतात का! इथे मग ती देऊ करावीच लागते.

"तुझीच आहे. घेऊन जा."

"छे छे, तुम्हालाच लाभो."

"अल्लाची शपथ, घेऊन जा!"

इथे पुन्हा नको म्हणायचं, मग तिसऱ्यांदा नको म्हणायचं, की विषय मिटतो आणि दोघींची अब्रू राहते. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि मी? सीटकडे बघत गप्प राहिले. क्षणभरच! तेवढ्यात तिने राखणदाराला हाक मारलीसुद्धा.

बुधवार, ८ नोव्हेंबर

सायकल गॅलरीत उभी आहे, माझ्याकडे बघत. नाएफ म्हणाला, "विधवेच्या घरातली वस्तू उचलून आणलीस? शाब्बास!" सकाळपासून जिवाला चैन नाही. तिलाही साखरेचा आजार. ती स्वतः चालवत असणार, आणि मी तिच्या पायाखालून ओढून आणली. परत पाठवली तर तोंडावर फेकल्यासारखं होईल.

बसून पाहिलं. पाय पोचेनात! सीट पार वरच्या भोकात. खाली घ्यायला गेले तर खिट्टी गंजून बसलेली. सोडून दिलं.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

सुचलं! तिला जेवायला बोलवायचं. सायकलचं कौतुक तिच्या तोंडून काढायचं. की मी म्हणणार, "तुमचीच आहे, घेऊन जा!" — शपथेवर! मग बघू कशी नाही म्हणते.

रविवार, १२ नोव्हेंबर

आली. मकलूबा, म्हणजे वांगी-भाताचं पातेलं, ताटात उलटी केली, एक वांगं जागचं हललं नाही. "हाताला चव आहे हो तुझ्या," म्हणाली. गॅलरीचं दार मी मुद्दाम सताड उघडं ठेवलेलं.

"सायकल तिथे शोभते, नाही?"

"कसली शोभते! लोखंडाचा सांगाडा."

"चाक बघा ना, किती हलकं फिरतं —"

"घरघरतं. भिकार आहे."

"तुम्हाला तर आवडायची!"

"मला? डोळ्यांसमोर नको झाली होती."

खोटारडी! पक्की मुरलेली आहे. माझा डाव उंबऱ्यातच ओळखला तिने. नाएफ मिशीतल्या मिशीत हसत होता. किती दिवसांनी!

सोमवार, १३ नोव्हेंबर

नाएफ बसला! आपणहून! त्याचे लांब पाय बरोबर पोचतात, सीट जशी त्याच्याच मापाची. उतरून घाम पुसत म्हणाला, "विमानतळाच्या फाट्यापर्यंत गेलो."

पण घरघर केवढी! सगळी थेट खाली जात असणार. सायकल घेतली, आता तिची सकाळची झोपही घेते. आनंद करू की शरमेने मरू?

गुरुवार, १६ नोव्हेंबर

आज अकाबाच्या रस्त्यावर पार कतरानापर्यंत मजल, म्हणे! चेहऱ्यावर रंग आलाय.

जिन्यात उम्म गस्सान भेटली. "आवाजाचा त्रास होतो का?" — अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. ती हो म्हणाली तर नाएफ त्याच क्षणी उतरेल आणि पुन्हा चढायचा नाही. मी नजर चुकवून वर आले. हलकट झालेय मी, दुसरं काय!

शनिवार, २५ नोव्हेंबर

आज नाएफ बसला नाही. "ट्रकला सुट्टी." सोफ्यावर आडवा. मी भांडले, तो टीव्ही मोठा करून बसला.

आणि खालून ठक ठक! छताला. झाडूचा दांडा, नक्की. आज तर सायकल बंद आहे, तरीही! म्हणजे इतक्या दिवसांचा राग साठलाय. ठरलं — उद्या सायकल परत. पाया पडेन, पण परत.

रविवार, २६ नोव्हेंबर

परत केली नाही.

खाली गेले तर उम्म गस्सान दारातच उभी होती, झाडू हातात. माझी माफी ऐकूनच घेतली नाही. "काल का नाही चालवली त्याने? मी ऐकत बसले होते." मग म्हणाली, "अबू गस्सानने हौसेने आणली, सीट स्वतः लावली. एकदाही बसला नाही गं. तुझ्यासमोर मुद्दाम मांडली होती मी. सरळ दिली असती तर तुझ्या नवऱ्याने घेतली असती?"

वर येऊन नाएफला सांगितलं. टीव्ही बंद केला, उठला, सायकलवर बसला. काही वेळाने खालून एकदाच — ठक.