पेढे घेऊन आलेले अप्पाराव

मंठा,
बुधवार

प्रिय राजानंद,

तुझा फोन लागत नाही, म्हणून तुझ्या वडिलांकडून पुण्याच्या खोलीचा पत्ता घेऊन लिहिते आहे. कॉलेजच्या ग्रंथालयाचं पत्र बघून दचकू नकोस. एकही पुस्तक तुझ्याकडे राहिलेलं नाही.

आज सकाळपासून माझं काहीच धड चाललं नव्हतं. आल्या आल्या कॉम्प्युटर बंद पडला, मग पुस्तकांची देवघेव हातानेच लिहून घेतली. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी 'ते निळं पुस्तक' मागत होती. नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही. आमच्या वसंता शिपायाने कपाटातून सापडतील तेवढी निळी पुस्तकं काढून दिली, तिला त्यातलं एकही नको होतं. वाचनकक्षात मात्र नेहमीसारखी शांतता. तू दोन वर्षं जिथे बसलास, त्या खिडकीपाशी आता दुसरी मुलं बसतात. तलाठ्याच्याच परीक्षेची. पुण्याला गेल्यापासून तू इकडे फिरकला नाहीस, त्यामुळे त्यातली बरीचशी तुला ओळखायचीही नाहीत.

दुपारच्या आत तुझे वडील आले. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. वाटूरहून बसने आलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाले, "मी राजानंदचा बाप, अप्पाराव. पोरगं तलाठी झालं, मॅडम. लई नाव घेतो तुमचं. म्हणून पहिले तुमच्याकडं आल्तो."

मी पेढा तोंडात टाकला, आणि मग लक्षात आलं. राजा, त्या परीक्षेचा निकाल अजून लागलेला नाही. त्याची वाट बघणारी मुलं माझ्यापासून हाकेच्या अंतरावर बसली होती. आणि अप्पाराव पुडा घेऊन त्यांच्याकडेच निघाले. "लेकरांचं तोंड गोड करतो," म्हणाले. मी अक्षरशः त्यांच्या वाटेत आडवी आले. म्हटलं, "काका, वाचनकक्षात खायला मनाई आहे." ते ओशाळले, पुडा छातीशी धरून उभे राहिले. एवढ्या आनंदाने आलेल्या माणसाला मी नियम सांगितला!

नंतर त्यांना माझ्या टेबलापाशी बसवून चहा मागवला. तुझी आई बेबीनंदा गल्लीभर सांगून आली म्हणे. रविवारी समाजमंदिरात तुझा सत्कार ठेवलाय, मलाही बोलावलंय. मी मान हलवत राहिले. खरं सांगावं तर तोंड उघडेना, खोटं बोलावं तर तेही जमेना. मधूनच वाटायचं, आपलंच चुकत असेल, दुसरी कुठली परीक्षा असेल. पण ते पुन्हा पुन्हा तलाठीच म्हणत होते.

निघताना ते दारात थांबले. चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, राजा फोनवर हसतच न्हाई. नोकरी लागलेलं पोरगं असं बोलत असतंय का? आता तर फोनबी बंद येऊन राह्यला." मी म्हटलं, दमला असेल. ते म्हणाले, "बराबर. दमलाच असंल." आणि बसस्टँडकडे चालू लागले. तेव्हापासून मला एकच कळत नाहीये. ते मला आनंद सांगायला आले होते, की काही विचारायला? पेढे आणले म्हणजे त्यांचा विश्वास आहे, की गावासमोर आता मागे फिरता येत नाही? मी गप्प बसले हे बरं केलं की वाईट, तेही उमगत नाही. घरी येऊन भाजी करपवली.

तुला रागवायला हे लिहीत नाहीये. तू असं का सांगितलंस, हेही विचारत नाही. लिहिते आहे ते एवढ्यासाठीच, की रविवारी तुझ्या गळ्यात हार पडायच्या आत त्यांना खरं काय ते तुझ्याच तोंडून कळायला हवं. हे पत्र उद्या सकाळीच स्पीड पोस्टने टाकते, शुक्रवारी तुला मिळेल. शनिवारी ये. सकाळच्या गाडीने जालन्याला उतर, मी स्टेशनबाहेर स्कूटी घेऊन उभी असेन. तिथून सोबतच वाटूरला जाऊ. पहिलं वाक्य जड गेलं तर ते मी बोलेन, पुढचं तू बोल. ते चिडतील की रडतील, मला खरंच माहीत नाही. पण तो माणूस तुझं हसू शोधत माझ्या दारापर्यंत आला होता, एवढं मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

शनिवारी तुला न्यायला येणारी,
तुझीच
दैवशाला मॅडम