चाकूचं पोट

तीर्थरूप बाबा,

जावयाचा कोपरापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो हे कळलं, जीव भांड्यात पडला. इकडे सगळे ठणठणीत आहेत, म्हणजे माणसं. चाकूचं सविस्तर लिहितो.

लग्नात तुम्ही हॉटेलातला तुमचा स्वतःचा, तीस वर्षं हाताळलेला चाकू लेकीला दिलात. तो मला सोमवारी बोथट वाटला. (ही तिच्या कॅन्टीनच्या कामासाठी चार दिवस बाहेरगावी होती. एरवी मला चाकूच्या कप्प्याकडे बघायचीही परवानगी नाही.) पाहतो तर धारेच्या दोन्ही बाजू तांदळाच्या दाण्यासारख्या फुगलेल्या! मी जन्मभर नकाशे आखलेला माणूस. वाटलं, वापरून आकार बिघडलाय. सपाट दगड घेतला, कोन मोजला (कोनमापकाने, हसू नका) आणि दोन तासांत फुगवटा साफ केला. कागद लोण्यासारखा कापला जायला लागला. मग मी भोपळा घेतला. भोपळ्याला काही झालं नाही. धारेचे दोन टवके उडाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तसाच दुसरा मिळेल म्हणून भांड्यांच्या दुकानात धावलो. दुकानदाराने जो चाकू दाखवला त्याला पाठीवर करवतीचे दाते, पात्याला पाच भोकं, टोकाला बाटली उघडायचा आकडा आणि मुठीत बोटांसाठी खाचा (कुणाच्या तरी बोटांसाठी, माझ्या नव्हेत). म्हणाला, “साहेब, एकात सात!” मी विचारलं, “आणि धार?” तो म्हणाला, “ती पण आहे.” घेतला. घरी टोमॅटो कापायला गेलो, तर तो कापला न जाता खचला, आणि सगळा रस भोकांतून माझ्या सदऱ्यावर आला.

शेवटी कोपऱ्यावरच्या चांभारकाकांकडे गेलो. त्यांनी तुमचा चाकू उजेडात धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाचच चपला काढल्या. “अहो, ते फुगलेलं नव्हतं, ते चाकूचं पोट. धारेला मागून आधार त्याचाच. तुम्ही उपाशी मारलात त्याला.” मग त्यांनी मऊ रबरावर पॉलिश पेपर ठेवला. पातं त्यावर टेकवून पाठ पुढे, धार मागे असं हलक्या हाताने ओढायचं. खालचा रबर दबतो आणि कागद पात्याच्या गोलाईला बिलगतो. मी उत्साहाने धार पुढे करून ढकललं, तर कागद, रबर आणि एका गिऱ्हाइकाच्या बुटाची लेस, तिन्ही कापली गेली. तीन संध्याकाळी घासलं तेव्हा टवके गेले, पोट परत आलं. एकात सातवाला पाहून काका एवढंच म्हणाले, “पातं साधं हवं, आणि मूठ ओल्या हातात न सरकणारी. बाकीचं दुकानदाराच्या कपाटात बरं दिसतं.”

तर असं. तब्येतीला जपा.

आपला,
जावई

ता. क. पातं किंचित अरुंद झालंय. हिने फोनवर विचारलंच, तर ‘जुनं पोलाद असंच आक्रसतं’ एवढं म्हणाल का? तुमचा शब्द ती मोडत नाही.

ता. क. २. बाबा, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. काळजी करू नका. ह्यांनी लग्नानंतर आठवड्यात तुमच्या चाकूने रंगाचा डबा उघडला, तेव्हापासून तुमचा चाकू माझ्या कॅन्टीनमध्ये कुलपात आहे. ह्यांनी घासला तो त्याच्या जागी मी बाजारातून आणून ठेवलेला. धार मात्र खरंच सुरेख लागलीय, त्यामुळे ह्यांना आता हात आवरत नाहीये. रविवारी तुमचे चाकू बघायला येतायत. शनिवारीच लपवा.