खोडलेली शेवटची ओळ

४ ऑगस्ट
गृहपाठाच्या फायली परत मिळाल्या. २० पैकी १८. नव्या सरांची पानोपानी टिक, सहाव्या पानावरसुद्धा. तिथं मी मुद्दाम मधेच घुसडलं होतं, 'आमच्या म्हशीचं नाव चंपा, ती मारकी आहे.' चंपालाही टिक! नेकनूरची गाडी लागेपर्यंत एकटीच हसत होते. गाडीत बसल्यावर मात्र रडू आलं.

५ ऑगस्ट
वाघमारे मॅडमची फार आठवण येतेय. गेल्या वर्षी समाजशास्त्र त्याच शिकवायच्या, तासिकेवर. यंदा त्यांना बोलावलं नाही, गेवराईच्या कॉलेजात गेल्या. 'गावातले बदल' या विषयावर मी गाइडातून बारा पानं उतरवली होती. त्यांनी ११ मार्क दिले आणि समासभर पेन्सिलीनं लिहिलं. पहिलीच ओळ, 'यात नेकनूर कुठंय?' माझं डोकंच फिरलं. पुढचं धड वाचलं नाही.

७ ऑगस्ट
ती फाईल आता प्रतीक्षाकडं. आमच्याकडं रीतच आहे, आपलं झालं की फाईल खालच्या वर्गातल्या पोरीला. शेरे राहिले तर जुनी फाईल हे कळेल, म्हणून मीच रबरानं सगळे घासून काढले होते. काय ती अक्कल!
फोन केला. "कावून पाह्यजे ताई? माझं उतरवायचं राह्यलंय की अजून." उद्या देते म्हणाली.

९ ऑगस्ट
अंगणात फाईल उन्हाला तिरकी धरली. मॅडम दाबून लिहायच्या, कागदावर वळ उरलेत. 'हे वाक्य तुझं नाही.' 'बाजारात बायका कुठं बसतात? बघून ये.' आणि सगळ्यात शेवटी, 'पण तुझ्यात'... पुढं कागद घासून पातळ झालाय. पण माझ्यात काय?
आई दारातून, "काय बघायलीस उन्हात? चक्कर यील."

१७ ऑगस्ट
बाजारात गेले. एवढी वर्षं जाते, आज पहिल्यांदा बघितलं. बांगडीवाली मावशी म्हणाली, "आदी आमी मागं, भिंतीकडं बसायचो. आता रस्त्याला बसतो. कुनी उठ म्हनून तर दावावं!" घरी येऊन चार पानं लिहिली. गाइड उघडलं नाही. याला मार्क कोण देणार, ठाऊक नाही.

२१ ऑगस्ट
धीर करून मॅडमना फोन. आधी खोडल्याचं सांगून टाकलं. त्या हसल्या.
"शेवटी काय लिहिलं होतं मॅडम?"
"अगं, इतक्या फायली. कसं आठवणार?"
फार वाईट वाटलं. त्यांच्या लक्षातच नाही. मग म्हणाल्या, "नवीन लिहिलंस ना? पाठव. लिहीन काहीतरी. खोडू नको म्हणजे झालं."
पोस्टानं पाठवलं. डाव्या बाजूला चार बोटं समास सोडलाय.

२ सप्टेंबर
आजही काही आलं नाही. त्यांचे पेपर तपासायचे चालू असतील.
प्रतीक्षानं पुन्हा जुनी फाईल मागितली. न्हाई म्हणाले. "बाजारात चल माझ्यासोबत," म्हटलं. तोंड वाकडं केलं, पण येते म्हणाली.
संध्याकाळी फाईल परत उन्हात धरली. 'तुझ्यात'च्या पुढं एक काना दिसतो. बहुतेक.