उतरवायचं राहिलेलं नाव

निरगुडसर
ता. १०/६/२००२

चि. सौ. नूतनला गेणूमामाचा आशीर्वाद. इकडं मी, सूनबाई गोजरबाई आन् दोन म्हशी ठणठणीत. तिकडं तुमी समदी तशीच ऱ्हावा.

तुजं चार पानी पत्र पोचलं. चार पानं कशापायी गं? इचारायचं येकच व्हतं. पोराला पाच पुरी झाली, शाळंत घालायचं हाय, आन् पाळण्यातलं नाव अजून उतरवलं न्हाई. तर आता दाखल्यावर काय लिवायचं, येवढंच ना?

आपल्या जांभूळवाडीची रीत तुला ठावं हाय. ज्या बाईची दोन लेकरं गेली, तिच्या तिसऱ्याला यायापीराचं नाव ठिवायचं. पाच वर्सं त्याच नावानं हाक मारायची. मंग पीराच्या थडग्यापाशी न्यायचं आन् तोंडात गुळाचा खडा द्यायचा, म्हंजी ओ देता येत न्हाई. आईनं मागनं तीनदा हाक मारायची. पोरानं बोलायचं न्हाई, मागं बघायचं न्हाई, नुसतं चालत ऱ्हायचं. तिन्ही हाका रिकाम्या गेल्या की नाव उतरलं. मंग कानात दुसरं सांगायचं. झालं. तुजी दोन गेली म्हनून तुज्या आईनं, माज्या अंबाबाईनं, ह्याला ते नाव ठिवलं. ती बिचारी गेली, पोरगं ऱ्हायलं.

आता थडगं धरनाच्या पोटात हाय. मे म्हैन्यात पानी हाटलं की दिसतंय म्हनं. पन शाळंचा मास्तर पुढच्या मेपातूर थांबनार हाय का? जावयाला, सावळेरामाला, म्हनावं दाखल्यावर आदेश नाव लिव. गूळ घरच्या नळापाशी दे आन् मार तीन हाका. पानी समदीकडं येकच. उगा बाऊ करू नको.

जावईबापूंना रामराम. पोराचा गालगुच्चा घे.

तुजा मामा,
गेणभाऊ


ओतूर
१९ ऑगस्ट २००२

तीर्थरूप गेणभाऊमामांना नूतनचा वाकून नमस्कार. चार पानं लिहिली की रागावता, म्हणून आज दोनच.

तुम्ही सांगितलं तसं केलं. नळापाशी गूळ दिला, तीन हाका मारल्या, पोरगं गप्प राहिलं. दाखल्यावर आदेश लिहिलं. जूनपासून घरात ते जुनं नाव कुणी तोंडातून काढलेलं नाही. ह्यांनी तर एकदा चुकून 'या या' म्हणत पाव्हण्यांना घरात बोलावलं आणि स्वतःच जीभ चावली. आम्ही दोन दिवस हसत होतो.

आता हसू येत नाही. हजेरीला बाई आदेश म्हणतात, तर हा ढिम्म बसतो. ते होईल हळूहळू. पण मधल्या सुट्टीत पोरं डबे खात असताना हा एकटाच उभा राहतो, मावळतीकडं तोंड करतो आणि मोठ्यानं 'ओ' म्हणतो. मग चालायला लागतो. दोनदा शिपायानं फाटकातून आणला. गेल्या गुरुवारी कुणाचं लक्ष नव्हतं. ह्यांना तो कालव्यात सापडला, गुडघाभर पाण्यात. रडत नव्हता, काही नाही. कुणाची तरी वाट बघावी तसा उभा होता.

विचारलं तर म्हणतो, कुणी एक बाई हाक मारते. काय म्हणून मारते, तर म्हणे 'याया'.

मामा, माझी दोन गेलीत. तिसऱ्याला हात लागला तर मी काय करू? थोडी माया ठेवून उत्तर लिहा, नुसतं खेकसू नका.

तुमची,
नूतन


निरगुडसर
ता. २७/८/२००२

चि. सौ. नूतनला आशीर्वाद.

खेकसत न्हाई. पोराला जंत झाल्यात. जंत झाले की पोरं कायबी बडबडत्यात. दवाखान्यातनं औषद आन, सकाळी अनशापोटी दे. देवरशाकडं न्हेशील तर मी पुना तुज्या दारात पाऊल टाकनार न्हाई. आमच्या आळीतल्या येका बाईनं नातवाला तिथं न्हेला, तर कोंबडं गेलं ते गेलं, पोरगं धूर खाऊन आठ दिस खोकत व्हतं.

शाळंत बाईला सांग, ह्याला भिंतीकडच्या रांगंत बशिव.

हितं पाऊस बरा हाय. गोजरबाई म्हनती पोराला हिकडं धाडा. मी म्हनलं नको. का ते तिनं इचारलं, मी सांगितलं न्हाई.

ती हाक मारनारी कशी दिसती ते पोराला इचारलंस का? इचारायची काय गरज न्हाई. पन इचार.

मामा


ओतूर
१४ नोव्हेंबर २००२

तीर्थरूप मामांना नमस्कार.

औषध दिलं. जंत पडले नाहीत.

दिवाळी झाल्यावर जुन्नरला दस्तगीर चाचांकडं गेलो. आपल्या यायापीराचे मुजावर होते ना, त्यांचा मुलगा. आता शिलाईचं दुकान टाकलंय. माणूस मोठा प्रेमळ. पोराला मांडीवर घेऊन बटणांचा डबा खेळायला दिला. मी विचारलं, ह्या नावाचा अर्थ तरी काय? तर म्हणाले, याह्या. अरबी नाव आहे. याह्या म्हणजे जगतो. कुणी यहया लिहितं, कुणी याहिया, आपल्या डोंगरातल्या लोकांनी याया केलं. ख्रिस्ती लोकांच्यात योहान म्हणतात तोही हाच. एका म्हाताऱ्या बापाला पोर झालं, तेव्हा अल्लानं स्वतः हे नाव दिलं, आणि त्याआधी ते कुणालाच दिलेलं नव्हतं. म्हणून त्यांच्या वडलांचा नियम होता, की एका घरात एका वेळी एकाच जिवंत माणसावर हे नाव असू द्यायचं. पहिल्याचं उतरल्याशिवाय दुसऱ्यावर चढवायचं नाही. ते हळूच म्हणाले, बेटी, तुमच्या घरात आणखी कुणाचं उतरवायचं राहिलंय का? मी म्हटलं नाही.

हाक मारणारीचं विचारलं. पोरगं म्हणतं, हिरवं लुगडं आहे, पायाला चिखल आहे आणि डाव्या कानाची पाळी फाटून दोन झालीय. ती दोनदा हाक मारते. तिसऱ्यांदा मारायला तोंड उघडते आणि तशीच उघडी राहते.

आता परवाचं सांगते. मंगळवारी दुपारी मी शेततळ्यावर धुणं धुवत होते. हा माझ्या शेजारी होता, आणि वळून बघते तर तळ्याच्या उतारावर, प्लास्टिकवरून घसरत चाललेला. आदेश, आदेश म्हणून ओरडले. त्यानं मान वळवली नाही. मग माझ्या तोंडून तेच नाव गेलं. याया! तो थांबला, 'ओ' म्हणाला, आणि मी त्याचा दंड धरला.

पण मामा, 'ओ' दोन आले. एक ह्याचा, आणि लगेच माझ्या पाठीमागून दुसरा, जाड, म्हाताऱ्या माणसाचा. मागं कुणी नव्हतं. नुसता ऊस. रागावू नका, तो आवाज तुमचा होता.

पत्रोत्तराची वाट बघते.

नूतन


निरगुडसर
ता. २४/११/२००२

चि. सौ. नूतनला आशीर्वाद.

पत्र वाचून आठ दिस झाले. लिवायला बसतो आन् म्हशीला वैरन घालायला उठतो. आज गोजरबाईनं वैरन सोता घातली आन् म्हनली, आता लिवा.

त्या मंगळवारी दुपारी मी कांद्याला पानी देत व्हतो. येकदम माज्या तोंडातनं 'ओ' गेला. खुरपनाऱ्या बाया हसाय लागल्या. येक म्हनली, तात्या, कुनाला ओ देताय, आमी तर कुनी हाक मारली न्हाई. मी म्हनलं, कामं करा. पन हातातलं फावडं खाली पडलं व्हतं.

फाटक्या पाळीची ती बाई म्हंजी माजी आई, भागू. तुजी आजी. बुगडी म्हशीच्या शिंगात आडकून पाळी फाटली. तू जन्मायच्या लई आदी ती मेली, फोटू न्हाई, तुज्या आईनं बी तिला धड बघितली नव्हती. पोराला कुनी सांगनार?

माज्या आदी तिची दोन गेली व्हती. मला बी यायाच म्हनत. पाच पुरी झाल्यावर थडग्यापाशी न्हेला. तोंडात गूळ व्हता. पैल्या हाकंला गप ऱ्हायलो. दुसऱ्या हाकंला तिचा आवाज रडका आला, मला वाटलं पडली का काय. मी गूळ थुकला, मागं फिरलो आन् 'ओ' म्हनलो. तिनं पळत येऊन माजं तोंड दाबलं. तिसरी हाक तिनं मारलीच न्हाई. घरी येऊन समद्यांना सांगितलं, उतरलं, आता ह्याला गेणू म्हना. मला म्हनली, कुनाला सांगू नको, पुढच्या सालाला परत करू. पौषात ती तापानं मेली. अंबा रांगत व्हती.

मी ते गुळासंगंच थुकून दिलं आसं समजलो. पन मला साप चावला, मी जगलो. हिरीत पडलो, जगलो. पटकीत वाडीतली नऊ मानसं गेली, मला जुलाब बी न्हाई. बायको गेली, तरनाताठा मुलगा गेला, पाठची बहीन गेली. मला सत्तर वर्सांत कदी डोकं दुखलं न्हाई. लोक म्हनत, गेणभाऊ काटक हाय. दस्तगीरनं सांगितलेला आर्थ गोजरबाईनं मला वाचून दाखिवला, तवा ती बी माज्याकडं बगत बसली आन् मी बी तिच्याकडं.

तुज्या पोराला नाव ठिवलं तवा अंबानं मला इचारलं व्हतं. दादा, तुजं उतरलंय न्हवं? मी हो म्हनलो. आसल्या गोष्टीत काय दम हाय, म्हनून हो म्हनलो. ही माजी चूक. पीराची न्हाई, तुजी न्हाई.

ती पोराला बोलवत न्हाई गं. ती मला बोलवती. तिसरी हाक मारायची ऱ्हायलीय, आन् ओ देनारी आता दोन झाल्यात.

मे म्हैन्यात पानी हाटलं की मी जानार. तवर पोराला पान्याच्या आसपास सोडू नको. लागलं तर कमरंला दोरी बांद, लोक हसले तर हसू दे. आन् ती हाक तू मारू नको, मरनाची पाळी आली तरी.

मामाला पदरात घे.

गेणभाऊ


ओतूर
१७ मे २००३

तीर्थरूप मामांना नमस्कार.

सहा महिने दोरी बांधून काढले. शेजारणी म्हणतात वासरू पाळलंय. तुमची रोज आठवण काढली आणि रोज तुमच्यावर चिडले. खोटं कशाला लिहू? आईला तेव्हाच खरं सांगितलं असतंत तर! पण हेही खरं, की ते नाव नसतं तर पहिल्या दोघांसारखं हेही गेलं असतं का, हा विचार येतो आणि मग चिडता येत नाही.

गुरुवारी, पंधरा तारखेला, तुमच्याकडं काय झालं? दुपारची वेळ होती. पोरगं ओट्यावर चिंचोके मांडून बसलं होतं. एकदम उठलं, तोंड मावळतीला केलं. मी दोरी घट्ट धरली. 'ओ' म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. बराच वेळ कान देऊन उभा राहिला. मग मला म्हणाला, आई, आज तिनं मला हाक नाही मारली. तिसरी पण मारली. मला नाही.

मग खाली बसून चिंचोके खेळायला लागला. मी आतून 'आदेश' म्हटलं, तर 'काय गं' म्हणाला. मामा, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. मी चुलीपाशी बसून रडले.

पत्र पोचल्याबरोबर लिहा. तुम्ही बरे आहात ना?

तुमची,
नूतन


निरगुडसर
ता. २४/५/२००३

चि. सौ. नूतनला मामाचा पोटभर आशीर्वाद. पोराला वायला आशीर्वाद.

त्याच गुरुवारी यष्टीनं गेलो. पुढं चिमाजी आला संगं. आपल्या वाडीचाच, पान्याच्या वर डोंगरात ऱ्हायलाय. माज्यापरीस धा वर्सांनी ल्हान. नाव उतरलं की कानात दुसरं सांगायला मोटं मानूस लागतं, तर मला मोटं कोन उरलंय? म्हनून ह्यालाच घेतला. तो म्हनला, गेणभाऊ, आदी पाया पड मंग सांगतो. आसा मानूस.

वाडी उगडी पडली व्हती. चिखल वाळून भेगा पडल्यात. जोती दिसत्यात, कुनाचं घर कुटलं ते वळखू येतं. थडगं शाबूत हाय. मी गूळ तोंडात धरला आन् पाठ करून चालाय लागलो. लाज वाटत व्हती. सत्तर वर्साचा घोडा, तोंडात गूळ घेऊन चिखलातनं चाललाय.

वीस पावलं गेलो आसंन. मागनं वल्या चिखलात पाय पडल्यावानी आवाज याय लागला. खाली भुई तर वाळल्याली. चिमाजी पुढं व्हता, माज्या मागं कुनी नव्हतं. पैल्या दोन तिनं मारल्याच न्हाईत, त्या मारून झाल्या व्हत्या. मंग तिसरी मारली.

याया, बाळा.

नूतन, आवाज रडका नव्हता. ती सव्वीस-सत्तावीस वर्साची बाई हाय. मी तिच्या आज्याच्या वयाचा झालो आन् ती अजून तेवढीच हाय. मला बाळा म्हननारं मानूस पासष्ट वर्सांत कुनी नव्हतं. गूळ तवर इरघळून गेला व्हता, तोंड मोकळं व्हतं. ओ देता आला आसता. मी दातात जीभ धरली ती रगत येवस्तर धरली. चिमाजीनं माज्याकडं बगितलं आन् हात धरला. त्याला कायबी आयकू आलं न्हाई म्हनतो. पाय वाजत आले ते आपल्या जुन्या बांदापातूर. तितं थांबले. मी मागं बगितलं न्हाई.

बांद वलांडल्यावर चिमाजीनं कानात सांगितलं, गेणू. मी म्हनलं, बरं.

पोराच्या आंगावर ते नाव आता येकट्याचंच हाय. मी नळापाशी उतरीव म्हनलो ती बी माजीच घाई. यंदा उतरवायची गडबड करू नको. आदेश म्हन, त्याला गोड लागतंय तर. पुढच्या मेला पानी हाटलं तर तू न्हे. दस्तगीरला संगं घे. हाक मारताना आवाज रडका करू नको, येवढंच सांगतो.

परवापासनं माज्या आंगात ताप हाय. गुडगं दुखत्यात, डोकं बी. ह्याला डोकं दुखनं म्हनत्यात का ते गोजरबाईला इचारलं, ती रडाय लागली. डाक्टर बोलवू म्हनती. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे, पाव्हना पैल्यांदाच आलाय, बसू दे घटकाभर.

मामाकडं येकदा येऊन जा. दोरी घरी ठेव.

गेणू