कुणालाच न बसणारे तुकडे

तीर्थस्वरूप मावशी,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला आधी घरात जमीन दिसावी लागते. ती सध्या दिसत नाही, तेव्हा उभ्याउभ्या केलेला गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजतो म्हणाली होतीस, तो वाजायचा थांबला की तुला ऐकू येईनासा झाला? काका औषधं घेतात ना, की अजून उशीखाली लपवतात? आम्ही इकडे सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझं डोकं फिरायची वेळ आली आहे आणि त्याला कारण तुझी बहीण. (ती माझी आई आहे हे खरं, पण तुझी बहीण ती त्याच्याही आधीपासून आहे, तेव्हा जबाबदारी तुझ्याकडे जास्त येते.)

डॉक्टरांनी तिला बोटं हलती ठेवा म्हणून सांगितलं हे तुला माहीत आहे. आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक निवृत्त बाइंडर कागदकामाचा वर्ग घेतात. मला कुठून दुर्बुद्धी सुचली देव जाणे, मीच तिचं नाव घातलं. तिथे त्यांनी तिला वर्तमानपत्राच्या टोपल्या विणायला शिकवल्या. कागदाची लांब पट्टी कापायची, विणायची सुई तिरकी ठेवून त्यावर ती गुंडाळायची, टोकाला डिंकाचं बोट लावायचं, की झाली पुंगळी. पुंगळीचं एक टोक बारीक निघतं आणि एक जाड. बारीक टोक दुसरीच्या जाड टोकात खुपसलं की लांबी वाढते, ती कितीही वाढते, हाच तर घोटाळा आहे. (मला हे सगळं तोंडपाठ का, म्हणून विचारू नकोस. हल्ली कचेरीत फोनवर बोलताना माझी बोटं आपोआप समोरचा कागद वळायला लागतात. परवा साहेबांच्या सहीचा कागद वळला.) त्यात वर्तमानपत्राच्या काठाची कोरी पट्टी बाहेरून आली की पुंगळी पांढरी दिसते, म्हणून आई पेपर दारात पडल्या पडल्या त्याचे काठ कापून घेते आणि मग म्हणते, आता कापलाच आहे तर बाकीचाही घेते. त्यामुळे मी बातम्या टोपल्यांभोवती फिरून वाचतो. मागे एका पुलाचं उद्घाटन कुणी केलं हे पाहायला मला धुण्याच्या कपड्यांची टोपली उलटी करावी लागली, आणि नाव नेमकं कडेच्या वळणात गेलेलं. चमच्यांना टोपली झाली, बटाट्यांना झाली, टोपल्या ठेवायलाही एक टोपली झाली. हिने सुरुवातीला मारे कौतुक केलं, आता रोज सकाळी केर काढताना ते कौतुक निस्तरत असते.

आणि त्यातली अगदी पहिली, जरा कललेली टोपली तिने हौसेने तुला पाठवली. तू फोनवर काय विचारलंस ते आठवतं? यात रद्दी ठेवायची का हीच रद्दी? मावशी, हसू मलाही आलं. पण फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवलेला होता आणि हसणारा मी एकटाच निघालो. तेव्हापासून ती तुझ्याशी बोलत नाही, तू तिच्याशी बोलत नाहीस आणि तुम्हा दोघींचा टपाल खात्याचा शिपाई मी झालो आहे. तू मला विचारतेस तिची तब्येत कशी आहे. मी तिला विचारतो. ती म्हणते, विचारणारीला तोंड आहे ना. मग मी तुला सांगतो, बरी आहे. दोघींची वयं बघा आणि वागणं बघा.

तर टोपल्या परवडल्या अशी वेळ पुढे आली. बाइंडरनी वर्गाला घड्यांचे गोळे शिकवले. चौकोनी कागदाला घड्या घालून एक तुकडा करायचा. त्याला दोन शेपट्या असतात आणि दोन खिसे. याची शेपटी त्याच्या खिशात, त्याची शेपटी तिसऱ्याच्या, असं करत करत ना डिंक ना दोरा, अख्खा गोळा उभा राहतो. वाचनालयाला नवा रंग दिला आहे, ते पुढच्या महिन्यात पुन्हा उघडणार, आणि दारावर टांगायला वर्गाने एक भलामोठा गोळा करायचं ठरलं. आई उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, अर्धे तुकडे आमच्या घरून येतील. (यातलं 'आमच्या घरून' म्हणजे मी, ही आणि आमची कन्या, हे आम्हाला मागाहून कळलं.) मग जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होऊ लागलं. आई तर दोन्ही वेळा जेवून उठली की तिथेच जाऊन बसायची. सगळ्यांत जास्त तुकडे तिचे, सगळ्यांत टोकदार तिचे.

ज्या दिवशी गोळा जुळवायला घेतला त्या दिवशी मी तिला आणायला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. आईचे तुकडे कुणाच्याच तुकड्यात बसेनात. शेपटी खिशात जायची, पण कोपरा भलतीकडे वळायचा आणि निसटून बाहेर. जरा दाबून बसवले तर आजूबाजूचेही सुटले आणि होता तेवढा गोळा बाइंडरच्या हातात उकलला. माणूस स्वभावाने फार मऊ. ते प्रेमाने म्हणाले की आजी, तुम्ही आता नुसते चौकोन कापून द्या, घड्या बाकीचे घालतील. आणि आई म्हणाली, "बरं."

मावशी, तू तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. आई बरं म्हणाली. वाद नाही, टोमणा नाही, घरी येऊन माझ्यावर राग काढणं नाही. सुई, डिंक, कात्री सगळं एका टोपलीत घालून तिने कपाटाच्या वर ठेवून दिलं. आता पेपर मला अख्खा मिळतो, काठासकट, आणि मी तो उघडून बसतो तर एक अक्षर डोक्यात शिरत नाही. मग एकदा जेवताना तिने ताटाकडे बघतच म्हटलं, "माझी बुद्धी चालेनाशी झाली असेल तर मला सांगा. माझ्यापासून लपवू नका." मला खरंच भीती वाटली. मी काहीतरी विनोद केला, तो कुणालाच कळला नाही, मलाही.

पुढचा भाग मी अर्धी दाढी केलेली असताना घडला. आमच्याकडे तुकडे कुठेही सापडतात, तसे दोन न्हाणीघरातल्या फळीवर होते, एक माझा आणि एक आईचा. माझा उचलून सहज बघत होतो तर आरशात जो दिसला तो माझा नव्हता, तो हुबेहूब आईचा होता! मी फेसासकट बाहेर पळालो. (ही माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू बुद्धी न चालणं या घराण्याच्या रक्तातच असावं.) अगं, आई डावखुरी आहे. आजोबांनी तुम्हा दोघींना धाकाने उजव्या हाताने लिहायला लावलं म्हणून कुणाच्या ध्यानात राहत नाही, पण सुई, कात्री, घडी सगळं तिचं डाव्या हाताने. ती कागद दुसऱ्या बाजूने उचलते, म्हणून प्रत्येक घडी आमच्या विरुद्ध पडते. तुकड्यात चूक काहीच नाही, फक्त तो आमच्यात बसणारा नाही. मी तिचेच तुकडे एकमेकांत घालून छोटा गोळा केला, तो जमिनीवर आपटला तरी सुटला नाही. तो तिच्यापुढे नेऊन ठेवला, सगळं समजावलं. तर ती म्हणते, माझे माझ्यात बसणारच, एकाच माणसाची चूक सारखीच होते. माझी समजूत काढू नकोस, दुसऱ्या कुणाचा बसवून दाखव.

आता दुसरा डावखुरा आणू कुठून? मी स्वतः डाव्या हाताने घालायला बसलो, तर जे तयार झालं त्याला शेपटी एक आणि खिसा एकही नाही. नळ दुरुस्त करणारा डावखुरा निघाला म्हणून त्याला चहा पाजून टेबलाशी बसवला. त्याने तुकडा इतका आवळला की तो नळालाच बसला असता. शिवाय गळणारा नळ अजून गळतोच आहे.

असो. बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला जप, काकांना नमस्कार सांग.

तुझा वैतागलेला
भाचा

ता. क. पत्र निव्वळ खुशालीसाठी लिहिलं आहे, भलता अर्थ काढू नकोस. पण तूही डावखुरी आहेस. सोबत चौकोनी कागद आणि नमुन्याला आईचा एक तुकडा ठेवला आहे. तो हळूच उलगडून बघ, तुझ्या हाताला येतील तशा घड्या घाल आणि मूठभर तुकडे करून पोस्टाने पाठवून दे. तू स्वतः यायची अजिबात तसदी घेऊ नकोस. तुम्हा दोघींना एका खोलीत सांभाळायची माझ्यात ताकद नाही.

ता. क. २. हे पत्र मी लिहिलंय हे आईला कळू देऊ नकोस. कळलं तर ती महिनाभर माझ्याशीही बोलणार नाही, आणि मग निरोप न्यायला घरात माणूस उरणार नाही.

ता. क. ३. ताई, अक्षर ओळखशीलच. हा पाकीट उघडं टाकून आंघोळीला गेलाय. नमुना म्हणून याने जो ठेवला होता तो माझा नाही, याचाच आहे. तो काढून मी माझा ठेवलाय. तुकडे पोस्टाने पाठवू नकोस, चेपतात. घेऊन ये.