भर श्रावणातला चुडा

मस्तगड, जालना
नागपंचमीच्या आधीचा सोमवार, १९९४

डोकं अजून तापलेलंच आहे. ती सोयरिकी जुळवणारी बाई आज पुन्हा माझ्या बांगड्यांच्या दुकानात आली, पुन्हा नवी भाची घेऊन. म्हणे, लग्नाचा चुडा भरा. भर श्रावणात? चातुर्मासात कोण लग्न लावतं? "नवऱ्याकडच्या मुलखात चालतं," म्हणली. पोरीचं मनगट एवढुसं. तिला हळूच विचारलं, नवरा कोण? "माहीत न्हाई. बापानं पैसे घेतलेत."

चुडा डब्यात ठेवला न् तडक चौकीत गेले. जमादार चहा पीत म्हणाला, "मावशी, कायदा मुहूर्त बघत न्हाई. पोरगी विकली असंल तर तिच्या बापाला तक्रार द्यायला सांगा."

विकणाऱ्यानंच तक्रार द्यायची. असला कायदा काय चाटायचा?

परत आले तर शेजारच्या दुकानात चुडा भरून दोघी निघून गेल्त्या. भर श्रावणात, हिरवागार चुडा.

उद्या जमादाराची बायको पंचमीच्या बांगड्या भरायला येणार. तिचा एक हात भरीन, मंग सगळं सांगीन. दुसरा हात रिकामा ठेवून कोणतीच सवाशीण उठत न्हाई. आणि तो मी भरणार न्हाई, जमादार स्वतः तक्रार लिहून घ्यायला दुकानात येईस्तोवर.