एकाचे दोन

दादा,

आईचा स्तनाचा कॅन्सर आता मेंदूभोवतीच्या आवरणात पसरलाय. तिथल्या नसांनाही त्याने धरलंय, त्यामुळे तिचं तोंड एका बाजूला ओघळलंय आणि तिला एकाचे दोन दिसतात. परवा मला म्हणाली, "दोन-दोन लेकी, पण एकीलाही उशी नीट लावता येईना!" आम्ही खूप हसलो.

आज मात्र माझ्या शेजारी दिसणाऱ्या त्या दुसरीलाच तिने विचारलं, "दादा, आलास होय रे? बोलत का नाहीस?"

मी म्हणाले, "प्रवासाने दमलाय गं." खरं तर दमले होते मी.

तू भांडून घर सोडलंस, ते तिने तिथल्या तिथे माफ केलं आणि शांत झोपली. मला ते अजून जमलेलं नाही, म्हणून हे पत्र टाकवत नाही.

तुझी धाकटी